मी काय काय बदललं

आईने फ्रीगंजमध्ये एसटीडीचा बूथ उघडला तेव्हा मी मराठी घेऊन एम.ए. करत होते. वडील बँकेत होते, घर माधव नगरला, बूथपासून चालत दहा मिनिटांवर. त्या वर्षांत उज्जैनमध्ये जिकडेतिकडे एसटीडीच्या पिवळ्या पाट्या लागल्या होत्या. घरी फोन घ्यायचा तर अर्ज करून वाट बघावी लागायची, पण कोपऱ्यावरच्या काचेच्या खोक्यात शिरलं की थेट मुंबई लागत होती, दुबई लागत होती. आईला याचं फार अप्रूप. वीस वर्षं तिने घर सांभाळलं होतं आणि आता ती मीटरसमोर खुर्ची टाकून बसायची, "लाइन बिज़ी है भैया, पाँच मिनट रुको" असं मोठ्या आवाजात सांगायची. संध्याकाळी घरी येताना तिची चालसुद्धा वेगळी असायची.

केबिनचं दार नीट लागत नव्हतं. चार बोटांची फट राहायची आणि आत बोललेलं सगळं बाहेर ऐकू यायचं. आईच्याही कानावर पडायचं, पण ती तेवढ्यात रेडिओ मोठा करायची, नाहीतर उगाच उठून बाहेरची पाटी पुसायला जायची. हे ती का करते, याचा मी कधी विचार केला नाही. रविवारी गर्दी असायची म्हणून मी मदतीला बसायचे, आणि मी मात्र सगळं ऐकायचे. मला ते आवडायचं. माणसं फोनवर किती वेगळी होतात!

दर रविवारी सकाळी नऊच्या सुमारास एक काका यायचे. पन्नाशीचे, उंच, पांढरा इस्त्रीचा शर्ट, उन्हाळ्यातसुद्धा बाह्या मनगटापर्यंत बंद. आईला म्हणायचे, "वहिनी, अकोला लावून द्या जरा." अकोल्याला त्यांची आई असायची, त्यांच्या धाकट्या भावाकडे.

"आई, मीच. हो, आज सुट्टी. नाही गं, काम फार असतं खात्यात, साहेब सोडतच नाहीत. आता तर पूर्ण खातं माझ्याकडेच देऊन राहिलेत."

काका जिथे कापड तपासायच्या खात्यात होते ती मिल बंद पडून तेव्हा तीन वर्षं झाली होती. हे अख्ख्या उज्जैनला ठाऊक होतं, अकोल्याला नव्हतं. काका आता भैरवगढला एका छपाईवाल्याकडे होते. तिथे कापडावर मेणाने नक्षी काढून रंग देतात आणि मग उकळत्या पाण्यात घालून ते मेण काढतात. ते मेण काढायचं, कापड धुवायचं, वाळत घालायचं काम काका करायचे. नखांच्या कडेने कायम काळा-निळा रंग. हे आम्हाला त्यांनी स्वतःच सांगितलं होतं. एकदा आईने सहज विचारलं, "भाऊ, हातांना काय झालं?" तर ते हसून म्हणाले, "रंग आहे वहिनी. भैरवगढला असतो आजकाल. अकोल्याला सांगितलं नाही अजून." आईने मान हलवली आणि पुन्हा तो विषय काढला नाही. फोन झाला की ते खिशातला रुमाल काढून रिसीव्हर पुसून ठेवायचे. आपल्या हाताचा रंग लागला असेल तर दुसऱ्याला नको, म्हणून.

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षी आमच्याकडे एक नवे सर आले. पुण्याला शिकलेले, तरुण, बोलायला लागले की वर्गात टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता. त्यांनी लघुप्रबंधाऐवजी एक नवा प्रकार आणला. विषय 'साहित्य आणि माणसाची ओळख'. प्रत्येकाने एक कथा लिहायची आणि तिच्यासोबत दहा पानांची 'भूमिका' जोडायची. हाच निवेदक का घेतला, हीच भाषा का, शेवट इथेच का, अनुभव कुठून आला आणि त्याचं काय काय केलं. सर म्हणायचे, "कथा कोणीही लिहील. निवड का केली ते सांगता आलं पाहिजे. तिथे लेखक कळतो."

मला लेखक व्हायचं होतं. आणि त्याहून जास्त, खरं सांगायचं तर, सरांना मी लेखक वाटायला हवी होते. आमच्या घरातल्या मराठीला ते वर्गात हसायचे. दुष्टपणे नाही, पण हसायचे. "तुम्ही उज्जैनची मंडळी 'फोन लावून द्या' म्हणता, 'जाऊन राहिलो' म्हणता, मजा वाटते." मी त्या वर्षी घरीसुद्धा जपून बोलायला लागले होते.

मी काकांवर लिहिलं.

नाव अर्थातच घातलं नाही. मिलच्या जागी छापखाना केला, रंगाच्या जागी शाई. अकोल्याचं सोलापूर केलं. आई बहिरी केली. शेवटी म्हातारी फोनवर "कोण बोलतंय?" असं विचारत राहते आणि माणसाला स्वतःचं नाव आठवत नाही, तिथे कथा संपवली. कथा वाचून कोणाला काही कळलं नसतं. ती बरी होती, असं आजही मला वाटतं, आणि तसं वाटतं याचीसुद्धा लाज वाटते.

घात भूमिकेने केला. सरांना निवड कळायला हवी होती, म्हणून मी एकेक निवड उलगडून लिहिली. 'फ्रीगंजमधल्या आमच्या बूथवर दर रविवारी एक गृहस्थ येतात. मूळ गृहस्थ बंद पडलेल्या मिलमधले आहेत. मी छापखाना घेतला, कारण अक्षरं जुळवणाऱ्याला स्वतःचं नाव जुळवता येऊ नये, हा विरोध मला हवा होता. मूळ गृहस्थ भैरवगढला कापड धुतात. मी रंगाऐवजी शाई घेतली. त्यांची आई अकोल्याला असते आणि तिला उत्तम ऐकू येतं. मी तिला बहिरी केलं, कारण मग मुलाला आपलं खोटं ओरडून बोलावं लागतं.' अशी दहा पानं. जे जे लपवलं होतं ते ते मी माझ्या हाताने पुन्हा उघडं केलं, आणि ते करताना मला एकदाही काही खटकलं नाही. मी खूश होते. अक्षरसुद्धा सुंदर काढलं होतं.

तोंडी परीक्षा विभागाच्या मोठ्या खोलीत झाली. इंदूरहून एक बाई परीक्षक म्हणून आल्या होत्या. त्यांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "आई बहिरी का केलीत?"

मी पाठ केलेलं उत्तर दिलं. खोटं ओरडून बोलणं वगैरे. त्या सरांकडे वळून म्हणाल्या, "वा."

मग म्हणाल्या, "आणि हे भूमिकेतलं, की फोन ठेवल्यावर ते गृहस्थ डोळे पुसतात. हे तुम्ही प्रत्यक्ष पाहिलंय?"

"हो," मी म्हणाले. "दर रविवारी."

काकांना मी कधीही रडताना पाहिलं नव्हतं.

मला विभागात सर्वांत जास्त गुण मिळाले. सरांचा आमच्या गावातल्या मराठी मंडळींशी चांगला परिचय होता. दरवर्षी दिवाळीला ती मंडळी एक छोटा अंक काढायची. सरांनी माझी कथा तिथे दिली आणि म्हणाले, "भूमिकाही छापू या. नव्या लोकांना शिकायला मिळेल." मी हो म्हणाले. हो म्हणायला मला क्षणभरही लागला नाही.

अंक दिवाळीच्या महिनाभर आधी आला. आमच्याकडे तो वडिलांनी वाचला. मोठ्या हौसेने, चहा घेता घेता. अर्ध्यात थांबले, चष्मा काढला आणि आईला म्हणाले, "हे तू वाच."

आई वाचनात हळू होती. तिने उभ्या उभ्या वाचायला सुरुवात केली, मग खाली बसली. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. अजूनही मला वाटत होतं की ती कौतुक करील.

"हे त्यांना विचारलंस?" ती म्हणाली.

"नाव कुठे घातलंय?"

"मी ते नाही विचारलं."

मी चौकटीवरचा रंग नखाने खरवडायला लागले.

"माझ्या बूथवर लोक येतात," आई म्हणाली. एवढंच बोलून तिने अंक मिटला आणि माठाशेजारच्या फळीवर ठेवला. ती ओरडली असती तर मला भांडता आलं असतं. दुसऱ्या दिवशी तिने सुताराला बोलावून केबिनचं दार नीट करून घेतलं. मी शेजारी उभी होते. सुतार रंधा मारत होता आणि आई माझ्याकडे न बघता त्याला सांगत होती, "पक्का बंद होना चाहिए भैया. आवाज बाहर नहीं आनी चाहिए."

त्या रविवारी काका आले नाहीत. पुढच्या रविवारीही नाहीत. त्यानंतर दोन दिवसांनी आईला स्टेशनजवळच्या बूथवाल्याकडून कळलं की ते आता तिथे येतात. संध्याकाळी घरी आल्या आल्या तिने मला सांगितलं, "उद्या भैरवगढला जा."

"तू येतेस?"

"मी नाही येणार. तू लिहिलंस, तूच बोल."

टेम्पोत बसून गेले. सोबत काय न्यावं कळेना, म्हणून काहीच नेलं नाही. तो कारखाना म्हणजे घराच्या मागचं मोठं अंगण होतं. दोऱ्यांवर ओल्या चादरी, एका कोपऱ्यात चुलाणावर पाण्याचं मोठं पातेलं आणि मेणाचा वास. काका बनियनवर होते. मी त्यांचे उघडे हात प्रथमच बघितले. कोपरापर्यंत चट्टे होते, काही रंगाचे, काही भाजल्याचे. मला बघून त्यांनी घाईने खुंटीवरचा शर्ट काढून घातला आणि बटणं लावली. बाह्यांचीसुद्धा.

छपाईवाले बाबा, पांढऱ्या दाढीचे, ओट्यावरून म्हणाले, "मेहमान हैं क्या, बाबूजी?"

"हमारी फ़ोन वाली बहनजी की बिटिया है," काका म्हणाले. "चाय मँगवा दो."

त्यांनी एक डबा उपडा करून मला बसायला दिला. स्वतः उभे राहिले. मी म्हणाले, "काका, माझी चूक झाली."

ते आत गेले आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला अंक घेऊन आले. पानांच्या कडेने पेन्सिलच्या खुणा होत्या. कापड तपासताना जिथे दोष दिसेल तिथे खूण करायची, ही त्यांची वीस वर्षांची सवय होती.

"मी चार वेळा वाचलं," ते म्हणाले. "मला साहित्यातलं कळत नाही. पण काही गोष्टी विचारायच्या आहेत. विचारू?"

"विचारा."

"मी नाव का विसरलो?"

मला परीक्षेतलं उत्तर पाठ होतं. अस्मिता, काम गेलं की माणसाची ओळख जाते, नाव हे त्याचं प्रतीक. मी तोंड उघडलं आणि तिथे, त्या पातेल्यासमोर, मला ते बोलवेना. मी म्हणाले, "शेवट चांगला होतो म्हणून."

"अच्छा," ते म्हणाले. खरंच समजून घेतल्यासारखी मान हलवली. "आईला बहिरी का केलं?"

"तुम्हाला ओरडावं लागावं म्हणून."

"माझी आई पंच्याऐंशीची आहे. भिंतीपलीकडचं कुजबुजणं ऐकते." ते किंचित हसले. मग अंकातली एक ओळ बोटाखाली धरून त्यांनी ती मला वाचून दाखवली. "'फोन ठेवल्यावर ते डोळे पुसतात.' हे कथेत नाही. हे मागच्या पानांत आहे, जिथे तू खरं लिहिलंस म्हणतेस. मी कधी पुसले?"

"नाही पुसले."

"मग?"

"सरांना आवडेल असं वाटलं."

चहा आला. ते उभे राहून बघत होते म्हणून मी प्याले.

"मी खोटं बोलत होतो, ते बरोबर आहे," काका म्हणाले. "त्याचं काही नाही. पण मी रडत नव्हतो बेटा. रविवारी ती दहा मिनिटं मला चांगलं वाटायचं. मी खातं चालवायचो त्या दहा मिनिटांत. तू बसलेली असायचीस समोर, तुला ते दिसलं नाही?"

दिसलं होतं. केबिनमध्ये त्यांचा आवाज खुलायचा, ते हातवारे करायचे, एकदा तर कुठल्याशा साहेबाची नक्कल करून त्यांनी अकोल्यातल्या म्हातारीला हसवलं होतं. ते मी लिहून पाहिलं होतं आणि खोडलं होतं, कारण दुःखी माणूस हसताना बसत नव्हता. हे मी त्यांना सांगितलं. का सांगितलं कोण जाणे. विचारलं म्हणून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

मग त्यांनी पुढचं सांगितलं. इंदूरला त्यांचे एक मोठे भाऊ होते. अंक तिथे कोणाकडे तरी गेला आणि भावांच्या वाचनात आला. मिल, भैरवगढ, अकोला, रविवार. भावांनी अकोल्याला फोन करून आईला सगळं सांगितलं. आता काका फोन करतात तेव्हा धाकट्या भावाची बायको सांगते, आई झोपली आहे. सकाळी नऊ वाजता.

"मी दिवाळीला जाऊन सांगणारच होतो," ते म्हणाले. "तिकीट काढून ठेवलंय. तोंडाने सांगायचं ठरवलं होतं. काय सांगायचं ते मनात जुळवतही होतो, मागच्या महिन्यापासून. आता ते राहिलं."

मी रडायला लागले. त्यांना ते आवडलं नसावं. ते वळले आणि काठीने पातेल्यातलं कापड वर-खाली करायला लागले. थोड्या वेळाने म्हणाले, "जा आता, टेम्पो मिळत नाही मग. वहिनींना सांग, माझा त्यांच्यावर राग नाही."

माझ्यावर आहे की नाही, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी सरांकडे गेले. म्हटलं, मला हे काम परत घ्यायचंय, दुसऱ्या विषयावर लिहून देते. सरांनी मला समोर बसवून समजावलं. लेखकाला हे सोसावंच लागतं, म्हणाले. माणसं दुखावतात, पण कृती उरते. मग म्हणाले, "गुण तर विद्यापीठात गेले. आता परत घ्यायचं म्हणजे वर्ष वाया घालवायचं. विचार कर."

मी विचार केला. रस्ता ओलांडून सायकलपर्यंत येईतो माझा विचार झालाही. मी गुण ठेवले. पहिला नंबर ठेवला. पुढे त्याच नंबरावर मला कॉलेजात शिकवायची नोकरी मिळाली. हे आजवर कोणी विचारलं नाही म्हणून मी कोणाला सांगितलं नाही. काकांनी मात्र विचारलं असतं तर मला सांगावं लागलं असतं.

आईने मला बूथवर बसू दिलं नाही. त्याबद्दल ती एकदाही बोलली नाही. रविवारी सकाळी मी तयार झाले की म्हणायची, "राहू दे, मी बघते." हळूहळू मी तयार होणं सोडलं. वडील मधूनमधून विचारायचे, नवीन काही लिहितेस का, तेव्हा ती उठून आत जायची.

दीड-दोन वर्षांनी फ्रीगंजमध्येच काका भेटले. मी शिकवायला लागले होते, हातात वह्यांचा गठ्ठा होता. ते बायकोसोबत होते. मला वाटलं नजर चुकवतील, निदान मी तरी चुकवावी. पण तेच थांबले. बायकोला म्हणाले, "ही एसटीडीवाल्या वहिनींची मुलगी." काकूंनी माझ्याकडे नीट बघून घेतलं. त्यांना सगळं माहीत होतं, हे त्या बघण्यातूनच कळलं. त्या नमस्कार करून पुढे दुकानात गेल्या.

"काका, आई कशा आहेत?" मी विचारलं.

"गेली. मागच्या पौषात."

मी वह्यांचा गठ्ठा दुसऱ्या हातात घेतला. तेच म्हणाले, "मी त्या दिवाळीला गेलो होतो. तिकीट होतंच. पहिले दोन दिवस बोलली नाही. माझ्या हातचं पाणीसुद्धा घेतलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात बसलो होतो, तर आतून काठी टेकत आली, माझ्याशेजारी बसली आणि म्हणाली..."

ते थांबले.

रस्त्यावर गर्दी होती. कोणीतरी स्कूटरचा हॉर्न देत होतं. काका माझ्या चेहऱ्याकडे बघत होते. माझ्या चेहऱ्यावर काय होतं ते मला माहीत आहे. मी श्वास रोखून, मान पुढे करून ऐकत होते. मला ते वाक्य हवं होतं. त्यांची आई गेली होती, ते माझ्यासमोर उभे होते, आणि त्या म्हातारीने नेमकं काय म्हटलं ते मला हवं होतं.

"जाऊ दे," काका म्हणाले. चिडून नाही, अगदी हळू. "बोलली, एवढं झालं."

"हो," मी म्हणाले.

"वहिनींना नमस्कार सांग," असं म्हणून ते बायको गेली होती त्या दुकानाकडे वळले.